चाहत्यांची यादी

मस्कतच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष साठे वादी कबीर भागातल्या उत्तमच्या घरी आले होते, ते त्याला कार्यवाह करायचे ठरवूनच. त्याच्या लेकीने, रेवाने, जपानहून आलेला नवाकोरा अल्बम दाखवला; त्यातल्या पाचही गायिका संगणकावर घडवलेल्या होत्या. "चेहरा खोटा, नाव खोटं! असल्यांच्या नादी काय लागायचं?" उत्तम कडाडला. "असू द्या, राजापूरकर, पोरांचे नाद ते," म्हणत साठे अल्बमसोबतची पुस्तिका चाळू लागले. शेवटच्या पानावर आगाऊ मागणी नोंदवणाऱ्या चाहत्यांची नावे होती. "रेवा कांबळे, मस्कत? ही कोण?" नऊ वर्षे मंडळात राजापूरकर म्हणून वावरलेला उत्तम घाईने म्हणाला, "छापणाऱ्यांची चूक." "नो काका, करेक्ट आहे," रेवा अभिमानाने म्हणाली, "मी पासपोर्ट बघून लिहिलं." साठ्यांनी पुस्तिका हळुवारपणे मिटली. "आणि कार्यवाहपदाचं?" उत्तमने विचारले. चपला चढवीत साठे म्हणाले, "बघू की, इन्शाल्ला."