लेन्सवरचं कुंकू

माझ्या घरात नवी वस्तू आली की मी लावलेल्या कुंकवाशिवाय वापरली जात नाही. माझ्या बोटावरची विळीची खूण त्या कुंकवात उमटते.

माझा मुलगा ईश्वर कॅमेऱ्याच्या नादात मोबाईलवरून लेन्सवर लेन्स मागवत सुटला. सून रोशनी म्हणाली, "आई, आता एक जरी खोका आला तर मी माहेरी पिंपळनेरला जाईन. कायमची."

मी ईश्वरचा मोबाईल विहिरीत टाकला. "मागव आता, लाडोबा!"

आज तरीही खोका आला. पदराखाली लपवून देवघरात फोडला. आत लेन्सवर ओलं कुंकू होतं, त्यात माझीच खूण. आज मी करंडा उघडलाही नव्हता.

दारातून कुरिअरवाला ओरडला, "अक्का, अजून एक खोका शे!"

रोशनी बॅग घेऊन निघाली. "थांब गं!" म्हणत मी तिचं मनगट धरलं.

त्यावर लाल ठसा उमटला, त्यातही माझीच विळीची खूण.