चादरींच्या खोलीतला ठिपका

"हा बघ कामचुकार," व्यवस्थापक म्हणाला आणि त्याने पडद्यावरच्या हिरव्या ठिपक्यावर पेन आपटलं.

रुग्णालयातल्या प्रत्येक कर्मचाऱ्याचा मोबाइल आता वायफायवरून सापडत होता. कुठला सिग्नल किती जोरात मिळतो, त्यावरून माणूस कुठल्या खोलीत आहे ते कळायचं. त्यासाठी खोलीखोलीतून हिंडून मोजमापं घेतली होती नेटवर्कवाल्याने. 'माझी यंत्रणा' म्हणून मिरवत होता व्यवस्थापक. याआधी माणसं नजरेने ओळखावी लागत. ते काही त्याला कधी जमलं नव्हतं.

ठिपका होता कासवाचा. कासव म्हणजे वॉर्डातला पन्नाशीचा मदतनीस. नाव अर्थातच व्यवस्थापकाने ठेवलेलं. रोज दुपारी तीन ते पावणेचार हा ठिपका तिसऱ्या मजल्यावर, चादरींच्या खोलीत.

"गठ्ठ्यांवर लोळत असणार लेकाचा."

"साहेब, त्या खोलीतले सिग्नल बदललेत," नेटवर्कवाला म्हणाला. "सामान हललेलं दिसतंय. आपला नकाशा दोन महिन्यांपूर्वीचा आहे. एकदा परत फिरून येऊ का?"

"तुला विचारलंय का मी?"

"त्याच्या घरात कमावणारा तो एकटाच आहे, म्हणून म्हटलं."

"मग घरी जाऊन सांगू दे, कुठे झोपत होता ते."

कामावरून काढल्याचं पत्र तयार होतं. त्याने न वाचताच सही ठोकली. वाचणं हे त्याच्या मते कारकुनांचं काम. गेल्या महिन्यात जुनाट आजाराचे रुग्ण वॉर्डातून दुसऱ्या खोल्यांत हलवायच्या कागदावरही त्याने अशीच सही केली होती.

तेवढ्यात परगावी गेलेल्या बायकोचा फोन आला.

"आईंशी बोलले आत्ता. ओरडून ओरडून माझा घसा बसला. डोळ्यांनी दिसत नाही बिचाऱ्यांना, पण खुशीत आहेत. तुम्ही रोज येता, हात धरून बसता म्हणाल्या."

आई याच रुग्णालयात दाखल होती, तरी महिनाभरात तो तिच्याकडे फिरकलासुद्धा नव्हता.

"बसतो की," तो म्हणाला आणि फोन ठेवून हसला. म्हातारीला भ्रम झाला होता, तोही सोयीचा.

तीन वाजून दहा मिनिटांनी पत्र घेऊन तो स्वतः तिसऱ्या मजल्यावर गेला. असली कामं तो दुसऱ्यावर सोपवत नसे. त्याने दार ढकललं.

"ऊठ. झोपा काढायचा पगार घेतोस?"

आत चादरी नव्हत्या. दोन खाटा होत्या. एक रिकामी. दुसरीशेजारी स्टुलावर कासव बसला होता, एका म्हातारीचा हात हातात घेऊन.

म्हातारीने आवाजाच्या दिशेने मान वळवली. आवाज काही तिला ओळखीचा वाटला नाही. कासवाचा हात तिने आणखी घट्ट धरला.

"साहेब," ती म्हणाली, "माझ्या मुलाला ओरडू नका हो. माझ्यासाठीच येतो तो रोज."