सहावा बार

सुरुंगाचे पाच बार उडाले आणि सहाव्यासाठी जालिंदर कान लावून बसला. सहावा आलाच नाही. कुंडलला लालासाहेबांच्या उसाच्या रानात नवी विहीर खोदायचं काम चाललं होतं. तीस हातांवर काळा खडक लागला होता, आणि त्या खडकात जालिंदरनं आपल्या हातानं सहा भोकं पाडली होती. सहा म्हणजे सहा. त्यात चूक व्हायला तो काही पेंगत नव्हता.

धूर निवळला तशी लालासाहेबांनी खाली उतरायची घाई सुरू केली. फुटलेला दगड आजच वर काढायचा होता, इकडे ऊस वाळत होता. जालिंदरनं त्यांना अडवलं. एक बार आत राहिलाय, वात उशिरानंही पेट घेते, आजचा दिवस कुणी उतरू नये, असं त्यानं सांगून बघितलं. लालासाहेब हसले. पलटणीत असताना डोंगर फोडून रस्ते केलेला माणूस. दारू त्यांनी स्वतः भरली होती, वाती स्वतः कापल्या होत्या. आपला बार फुसका निघेल हे त्यांच्या मनाला शिवतच नव्हतं. दोन बार एकदम उडाले असतील, म्हणाले. वर हेही ऐकवलं की, पलटणीत हुकूम झाल्यावर कुणी बोटं मोजत बसत नाही.

विहिरीवरचा तिसरा माणूस म्हणजे धुळा. धनगराचा गडी, अंगानं दांडगा आणि मनानं भाबडा. त्याचं तर याहून सोपं. सकाळी विहिरीला नारळ फोडला की पुढचं तिनं बघायचं. नारळ फोडताना जालिंदर लांब उभा होता, हे त्यानं पाहिलं होतं. बौद्ध झाल्यापासून जालिंदर देवापुढं हात जोडत नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक.

“देव सोडला की धीरबी सुटतो गड्या,” असं म्हणत धुळानं कमरेला दोर बांधला.

जालिंदरला राग आला. ज्याचा हुकुमावर भरवसा त्याला हुकूम पुरतो, ज्याचा नारळावर त्याला नारळ. ज्याला दोन्ही नाहीत, त्याला मोजावंच लागतं. पण हे सांगायचं कुणाला?

“उतरायचं न्हाई तर दोर तरी धर,” लालासाहेब म्हणाले. “तेवढी तरी छाती हाय का?”

जालिंदर उठला. दोराचं मोकळं टोक त्यानं हातात घेतलं. धुळा काठावर बसून पाय आत सोडत होता. जालिंदरनं जवळच्या बाभळीला दोराचे वेढे दिले, दोर आवळला, गाठ मारली, गाठीवर आणखी गाठ मारली आणि बुंध्याला पाठ लावून खाली बसला. धुळा होता तिथंच अडकला.

लालासाहेबांना आधी कळेचना. कळलं तसा त्यांचा चेहरा तापला. आपल्या रानात, आपल्याच कामावरच्या माणसानं असं करावं! दोर सोड म्हणून त्यांनी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा आवाज उतरला.

“उद्यापासनं माझ्या रानात पाऊल टाकायचं न्हाई.”

लालासाहेबांनी काढून टाकलेल्या माणसाला गावात दुसरं कोण उभं करणार? घरी बायकोला, चंद्राबाईला काय सांगायचं? पण हात गाठीवरून निघेनात.

“उद्या येत न्हाई दादा,” तो म्हणाला. “आज दोर सोडत न्हाई.”

आता सगळं धुळावर होतं. कमरेची गाठ त्याच्याच हातात होती. ती सोडून दुसरा दोर बांधायला कितीसा वेळ लागणार? लालासाहेब त्याच्याकडं बघत उभे होते. धुळाचा हात कमरेशी गेला आणि तिथंच थांबला. त्यानं खाली विहिरीत पाहिलं. मग हळूच एक पाय वर घेतला, मग दुसरा.

लालासाहेबांच्या नजरेला नजर न देता तो म्हणाला, “दादा, मलाबी पाचच ऐकू आलं हुतं.”