ऑनलाइनचे पैसे

"टीव्ही आमचा, मशीन आमची, लाइटचं बिल आमी भरतो. मग पोरानं घरात बसून खेळायला तुमी वर्षाचे पैसे कसले घेता?" काशीरामने पावती काउंटरवर आपटली.

पनवेलच्या लाइन आळीतलं ते व्हिडिओ गेमचं दुकान सकाळी साडेअकराला रिकामंच होतं. दुकानदार अदीब काशीरामच्या मुलाच्या, दीपेशच्या, ओळखीचा. त्यानेच दीपेशला ऑनलाइन खेळायचं कार्ड विकलं होतं, आणि दीपेशच्या ऑनलाइन संघाचा कॅप्टनही तोच.

"काका, एकट्याने खेळायला पैसे नाहीच लागत. दुसऱ्यांबरोबर खेळायला लागतात."

"ज्यांची तोंडं कदी बगितली नाय, त्यांच्याबरोबर?"

"तोंडं नाही बघितली. आवाज ओळखतो," अदीब म्हणाला. "थांबा, दाखवतोच तुम्हाला. आत्ता खेळत असेल तुमचा दीपेश."

त्याने दुकानातला टीव्ही चालू केला, हेडफोन कानाला लावला. पडद्यावर फुटबॉलचं हिरवं मैदान आलं. प्रत्येक खेळाडूच्या डोक्यावर नाव. अदीबने बोट ठेवलं. दीपेशचा खेळाडू कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी नुसता धावत होता. पुढे जागा नव्हती, तरी धावत होता.

"आज काय झालंय याला?" अदीब हसला. "काहीतरी उलटंसुलटं बोलतोय. झोपेत असल्यासारखा."

काशीरामने काउंटरवरून वाकून हेडफोन अक्षरशः ओढून घेतला.

कानात तीन-चार अनोळखी आवाज होते, हिंदीत एकमेकांवर ओरडणारे. त्यांच्या मधून एक जड, लडबडता आवाज आला. "बॉल... बॉल दे ना... कुठं..."

हा आवाज काशीरामने दोनदा ऐकला होता, आणि दोन्ही वेळा दीपेशला उचलून दवाखान्यात न्यावं लागलं होतं. पोराने सकाळी इन्सुलिन टोचून घेतलं होतं. मग या पैशांवरून बापलेकांची जुंपली आणि तो पोह्यांची बशी तशीच सारून खोलीत निघून गेला. दीपेशची आई चंद्रावती मोरा गावी भाचीच्या हळदीला गेलेली. घरात दुसरं कोणी नव्हतं.

"त्याची साखर उतरली," काशीराम म्हणाला. "फोन लाव त्याला."

अदीबने फोन लावला. घरी, रोडपालीच्या फ्लॅटमध्ये, वाजणारी रिंग काशीरामला हेडफोनमधून ऐकू येत होती. वाजून वाजून ती थांबली.

"गाडी काढू?"

"कळंबोलीच्या सर्कललाच अर्धा तास जाईल." काशीरामने हेडफोनच्या माइकची दांडी तोंडाशी धरली. "दीपू! मी बोलतोय. टीव्हीखालचा खण उघड. आईने ग्लुकोजचा डबा ठेवलाय."

"मला नाय खायचं."

"दीपू, ऐक माजं."

"तुमचं नाय ऐकणार." मग काही शब्द, ज्यांना अर्थ नव्हता.

"ऐकत नाय तो माजं," काशीराम अदीबला म्हणाला. अदीबने त्याच्या हातातली दांडी आपल्याकडे वळवली आणि मोठ्याने म्हणाला, "दीपेश, कॅप्टन बोलतोय. पाणी ब्रेक! सगळे थांबा. दीपेशची शुगर डाउन झालीय. दीपेश को ग्लुकोज पिलाना है."

लांबून कुठून तरी एक आवाज आला, "हाँ भाई, पानी ब्रेक." दुसरा म्हणाला, "मैं भी पी रहा हूँ, दीपेश. तू भी पी." एक बारीक आवाजाची मुलगी होती. "खण उघड, दीपेश. उघडलास का? डबा कुठल्या रंगाचा आहे?"

पडद्यावर त्यांच्या संघाचे खेळाडू जिथल्या तिथे उभे राहिले. समोरच्या संघाने गोल केला. कोणी हललं नाही. त्यांनी आणखी एक केला.

"हिरवा," दीपेश म्हणाला.

"झाकण काढ," ती म्हणाली.

खण, झाकण, बाटलीत पावडर पडल्याचा आवाज. काहीतरी खाली सांडलं. मग घोट. एक, दोन. काशीराम डोळे मिटून घोट मोजत होता. पाचव्या घोटानंतर त्याने डोळे उघडले, आणि अदीबने त्याच्या मागे प्लास्टिकचं स्टूल सरकवलं.

पंधरा मिनिटं कोणी खेळ सोडून गेलं नाही. त्या मुलीने आळीपाळीने सगळ्यांची नावं दीपेशकडून म्हणवून घेतली. आधी दोन चुकली. मग एक. मग एकही नाही.

"बोटाला टोचून बघ आता," काशीराम म्हणाला.

थोडा वेळ गेला. "अठ्ठ्याण्णव," दीपेशचा आवाज आला. नेहमीचा, जरासा वैतागलेला. "बाबा? तुम्ही इथं कसे?"

काशीरामचा चेहरा बघून अदीब दोन्ही हात तोंडावर धरून "या अल्लाह" म्हणाला आणि हसायला लागला. काशीरामने शर्टाच्या बाहीने नाक पुसलं.

"दुकानात हाय," तो म्हणाला. "आता पोहे खा. गार झाले असले तरी खा."

"खातो. पण किती गोल खाल्ले आपण? सात? अरे, काय लावलंय तुम्ही! मी जरा नव्हतो तर..."

कानात सगळे एकदम बोलायला लागले. कोणी कोणाला शिव्या देत होतं, कोणी हसत होतं. दीपेश सगळ्यांच्या वर आवाज चढवून कोणी कुठे उभं राहायचं ते सांगत होता. काशीरामला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. तो प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता.

"काका," अदीबने हेडफोनसाठी हात पुढे केला. "मॅच सुरू झाली."

काशीरामने तो हात हळूच बाजूला केला.