विचारलं तरच

“डाव्या हाताचं तुम्ही विचारलंत तरच सांगेल हं काका,” मृण्मयी ताटावरून उठता उठता म्हणाली. “नाही विचारलंत, तर गोळ्या घेऊन गुपचूप निघून जाईल.”

“हे मला कशाला सांगतेस?” एकनाथराव म्हणाले खरे, पण तोवर सगळं ऐकून झालं होतं.

पुतणी फार्मसी कॉलेजात शिकायची, दर रविवारी काकांकडे जेवायला यायची. तिच्या मेघना मॅडमनी शहरातल्या औषधांच्या दुकानांचा अभ्यास चालवला होता. दुकानदार गिऱ्हाइकाची विचारपूस करतो, की मागितलं ते काढून देतो, एवढंच बघायचं. त्यासाठी पढवून तयार केलेला एक खोटा रुग्ण दुकानात जायचा. कोण आणि कधी, ते दुकानदाराला कळू द्यायचं नाही. जी दुकानं कसाला उतरतील, तिथे कॉलेजची मुलं शिकायला येणार. नल्लकुंटा भागातल्या आपल्या औषधांच्या दुकानात, मेडिकल हॉलमध्ये, पांढऱ्या कोटातली मुलं उभी राहावीत, आपण त्यांना चार गोष्टी सांगाव्यात, ही एकनाथरावांची फार जुनी हौस. त्यांनी मॅडमना आनंदाने होकार दिला होता.

आता पेपर फुटला होता. छातीत जळजळ होते, गॅसच्या गोळ्या द्या, असं म्हणणारं कोणीतरी येईल. विचारलं तर डावा हातही दुखतो म्हणेल. गोळ्या द्यायच्या नाहीत, थेट दवाखान्यात पाठवायचं.

एकनाथरावांना घास गोड लागेना. लाज नुसती फुटलेल्या पेपरची नव्हती. गॅसच्या गोळ्या मागायला रोज माणसं येत, आणि त्यातल्या एकालाही त्यांनी आजवर हात दुखतो का म्हणून विचारलं नव्हतं. गोळ्यांची पट्टी कापायची, पुढे सरकवायची, दुसऱ्याकडे वळायचं. आता परीक्षेपुरतं तेवढं घडाघडा म्हणायचं. कॉपी करून पास झालेला मास्तर मुलांना काय डोंबल शिकवणार?

मंगळवारी सकाळी तो आला.

“सेठ, सुबे से सीने में जलन होरी. गॅस की गोली देव.”

पन्नाशीचा, क्रीम रंगाचा शर्ट, हातात कापडी पिशवी, तीतून शेवग्याच्या शेंगा डोकावत होत्या. त्याने पिशवी काउंटरवर ठेवली आणि न सांगता स्टुलावर बसला. संक्रांतीची थंडी असून कपाळावर घाम. कॉलेजवाल्यांची तयारी चोख आहे, एकनाथराव मनात म्हणाले.

त्यांनी विचारायला सुरुवात केली. जळजळ कशी होते, चालल्यावर वाढते का, शुगर आहे का. माणूस दमून दमून उत्तरं देत होता. शेवटी एकनाथरावांनी घसा साफ केला.

“बायाँ हाथ भी दुखता क्या?”

माणूस चमकला. “आपकू कैसा मालूम?”

एकनाथरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कसं मालूम, हे काय सांगणार? नजर हातातल्या गोळ्यांच्या पट्टीवर ठेवूनच त्यांनी पुढचं म्हणून टाकलं. “ये गॅस नक्को समझो. दिल का हो सकता. अस्पताल जाव, अभ्भीच.”

“सच्ची जाना पडता?” त्याचा आवाज कापला.

बिचारा. आपल्यासारख्या लबाडापुढे किती जीव ओतून काम करतोय. एकनाथरावांना ते नाटक सहन होईना, कधी एकदा संपतंय असं झालं.

“मेरेकू ऐसाच बोलना पडता,” ते कसनुसं हसून म्हणाले. “आप घबराव नक्को. आराम से घर जाव, चाय पियो.”

गोळ्या काय, कॉलेजातच जाणार. त्यांनी पट्टीही दिली.

माणसाच्या चेहऱ्यावरचा ताण सैलावला. “डरा दिए थे सेठ,” म्हणत तो उठला आणि कठड्याला धरून पायऱ्या उतरला. पिशवी काउंटरवरच राहिली. रविवारी मृण्मयीबरोबर कॉलेजात पाठवू, म्हणून एकनाथरावांनी ती खिळ्याला टांगली.

पण रविवारपर्यंत त्यांना धीर धरवेना. पिशवीकडे नजर गेली की मन खायचं. शुक्रवारी दुकान उघडल्या उघडल्या त्यांनी मेघना मॅडमना फोन लावला.

“मॅडम, माझं दुकान तुमच्या अभ्यासातून काढून टाका. मी लबाडी केली. काय विचारायचं ते मला आधीच कळलं होतं. कोणी सांगितलं ते मात्र विचारू नका.”

“कळवलंत हे बरं केलंत. वाईट वाटलं, पण आमचं काही बिघडलं नाही. तुमच्याकडचं काम अजून व्हायचंच आहे.”

“म्हणजे? मंगळवारी तुमचा माणूस येऊन गेला की.” बोलून टाकल्यामुळे एकनाथरावांना हलकं वाटू लागलं होतं. “काम फार सुरेख केलं हो त्याने. घामसुद्धा खरा वाटत होता.”

“आमचा माणूस?” मॅडम म्हणाल्या. “एकनाथराव, आमच्याकडे माणूस नाहीच. एक बाई आहेत, आणि त्या नल्लकुंट्यात पुढच्या आठवड्यात येणार होत्या.”

फोन कानाला तसाच धरून एकनाथराव वळले. खिळ्यावरच्या पिशवीतल्या शेंगा सुकून गेल्या होत्या, आणि ती न्यायला कोणीही आलं नव्हतं.