काळी चौकट

इस्त्रीचा शर्ट. वयाची अट. पुसायचं मऊ फडकं. जुन्या बाजारातला लॅपटॉप.

विंडोजवर तो लॅपटॉप धापा टाकायचा. भावाने विंडोज काढून त्यात लिनक्स ही हलकी प्रणाली टाकली आणि तो पळायला लागला. त्यावरच ताईला नोकरीची ऑनलाइन परीक्षा द्यायची होती, तिच्या वयात बसणारी शेवटची. पण कॅमेऱ्यात चेहरा दिसल्याशिवाय पेपर उघडेना, आणि चौकट तर काळी ठिक्कर.

"काल दिसत होतं ना रे?"

"ड्रायव्हर रुसलाय. थांब जरा."

त्याने कॅमेरा चालवणारा तो ड्रायव्हर प्रोग्रॅम बदलला. मग लिनक्सच पुसून नव्याने टाकलं. घामाने बोटं कळांवरून घसरत होती.

"शास्त्रज्ञबुवा, अकराला पेपर बंद होतो हं," ताई हसायचा प्रयत्न करत म्हणाली.

अकरा वाजून गेल्यावर तिने पडद्याच्या वरच्या कडेला, कॅमेऱ्याच्या भिंगावरचं काहीतरी नखाने सरकवलं. "हे बारकं झाकण कसलं रे?"

चौकटीत दोघांचे चेहरे लख्ख उमटले.

 

 

सकाळी ताईच्या हातात देण्याआधी त्यानेच तो लॅपटॉप कडाकोपऱ्यांसकट फडक्याने घासून पुसला होता.