कौसाबाईची खोली

मंगरूळपीरच्या वाटेवर गोऱ्या साहेबानं कापसाच्या जिनिंगच्या मजुरांसाठी बांधलेली दगडी खोल्यांची रांग आहे. करुणाच्या आईनं, कौसाबाईनं, तिथंच जन्म काढला. गुडघे थकल्यावर तिनं खोलीमागं संडास बांधायची परवानगी मागितली, तेव्हा वारसा जतन समितीचे विनायकराव म्हणाले, "साहेबाच्या नकाशात संडास नाही, मावशी. वारशाले हात लावता येत नाही."

वारशाला कुणी हात लावला नाही. टमरेल घेऊन ओढ्याकडे जाताना कौसाबाई घसरली, खुबा मोडला आणि महिन्याभरात ती गेली.

वर्ष सरायच्या आत त्या रांगेचं पर्यटक निवास झालं. आईचा पाटा-वरवंटा न्यायला करुणा आली, तर चुलीच्या जागी पांढराशुभ्र कमोड बसलेला, वर गरम पाण्याचा नळ. विनायकराव कौतुकानं एकेक वस्तू दाखवत होते.

"साहेबानं वरून नवा नकाशा धाडला काय, भाऊ?" करुणानं आवाज न चढवता विचारलं.

लहान पोरीला समजवावं तसे ते हसले.

"तो नकाशा मजुरायसाठी होता, ताई. आता इथं माणसं राहतीन."